रबर माझं, डॅम्पर विलासचा

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला, की विलास कदमला विचारून झालं का. ते जरा अडखळले. मग म्हणाले, हो, त्यांना आधी विचारलेलं, पण ते म्हणाले, दत्ता भोईरला सांगा, त्याच्याकडे बोलण्यासारखं जास्त आहे. म्हणजे माझ्या धंद्यावरचा माझा लेखसुद्धा विलासने सोडला म्हणून माझ्याकडे आला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी चिडलो तर कारण माहीत असेल.

माझा डोंबिवली एमआयडीसीत एक गाळा आहे. तिथे मी लोखंडाला रबर चिकटवतो. सांगायला एवढंच. पण जगात जे जे म्हणून हादरतं, त्याच्या खाली, आत किंवा मध्ये कुठेतरी असा एक तुकडा असतो. रिक्षाच्या इंजिनाखाली असतो, जनरेटरखाली असतो, इमारतीच्या पाण्याच्या पंपाखाली असतो. तुकडा चांगला असला तर त्याची कोणाला आठवण येत नाही. वाईट असला तर माझा फोन वाजतो. आयुष्यभर मला फक्त तक्रारीचे फोन आले. शाबासकीचे फोन दोन गल्ल्या पलीकडे जायचे, विलासच्या गाळ्यात.

आम्ही दोघं कोलशेतच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून एकाच लेथवर लागलेलो. मी कोलशेतचाच, बाप खाडीत जाळी टाकणारा. विलास मोहन्याचा, त्याचा बाप तिथल्या मिलमध्ये. आमचा कारखाना बंद पडला आणि माल भंगारात निघाला, तेव्हा ती लेथ आम्ही दोघांनी मिळून घेतली. विलासने तिचा चक, म्हणजे काम पकडणारा फिरता जबडा, हाताने फिरवला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, हिला अजून आयुष्य आहे. त्याचं काम तिथे संपलं. भंगारवाल्याशी सकाळपासून घासाघीस केली ती मी. तो माणूस शेवटी हात जोडून म्हणाला, घेऊन जा पण बोलणं थांबवा. आजही लोक काय सांगतात? विलासने लेथ पारखली. ती आणली कोणी, हे कोणी विचारत नाही.

आमच्या धंद्यातली अक्कल काय असते ते एका गिरणीच्या गोष्टीवरून सांगतो. डोंबिवली पूर्वेला एका इमारतीत तळमजल्यावर पिठाची गिरणी होती. वर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. गिरणी चालू झाली की बाईंच्या शोकेसमधले काचेचे ग्लास वाजायचे. बाईंनी सोसायटीत तक्रार केली आणि गिरणीवाला आमच्याकडे आला. तेव्हा आम्ही भागीदार होतो. मी गिरणीखाली चार मऊ रबरी गाद्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. ग्लास वाजायचे थांबले नव्हतेच, वर देव्हाऱ्यातला पितळी गणपतीही चालायला लागला होता. आरतीच्या वेळी तो पार काठाशी आलेला.

झालं होतं असं. प्रत्येक वस्तूचा आपला एक झोका असतो. पाळण्याचा असतो तसा. पाळणा त्याच्या लयीत असताना तुम्ही बोटाने जरी ढकलत राहिलात तरी तो छताला जाईल. माझ्या गाद्यांवर बसलेल्या गिरणीचा झोका आणि तिच्या मोटरचा हादरा यांची लय नेमकी जुळली होती.

विलास गेला. त्याने गिरणीच्या अंगावर तळहात ठेवला आणि बराच वेळ नुसता उभा राहिला. मग एक पोलादी पट्टी आणली. तिचं एक टोक गिरणीच्या सांगाड्याला पक्कं केलं, दुसऱ्या टोकावर लोखंडाचं वजन चढवलं आणि ते वजन पट्टीवर मागे-पुढे सरकवत बसला. एका जागी वजन आलं आणि ते असं नाचायला लागलं की बघत राहावं. आणि गिरणी गप्प. वजन जड असतं, त्याला हलायला उशीर होतो. गिरणी उजवीकडे जाते तेव्हा ते अजून डावीकडे असतं. त्याचा धक्का उशिरा येतो, म्हणून उलटा येतो. पाळणा थांबवायचा असेल तर तो तुमच्याकडे येत असताना हात आडवा धरावा लागतो, तसंच हे. हादरा मारायचा नसतो. त्यालाच थोडा उशीर करून त्याच्यासमोर उभा करायचा असतो.

बाईंनी विलासला बेसनाचे लाडू दिले. गाद्या काढून खांद्यावरून मी परत आणल्या. अजूनही बाजारात भेटल्या की त्या मला विचारतात, "ते तुमच्याबरोबरचे कदम कसे आहेत हो?"

पुढे हेच चालू झालं. गिऱ्हाईक दारात यायचं आणि माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणायचं, विलासभाऊ आहेत का? एकदा एकाला मी सांगितलं की विलास कायमचा गावी गेला. तेवढ्यात विलास आतून दोन चहा घेऊन आला. एक त्याने गिऱ्हाईकाला दिला, एक मला. स्वतः प्यायला नाही आणि त्यावर बोललाही नाही. बोलला असता तर भांडण होऊन मिटलं असतं. तो बोलत नाही, हीच तर त्याची खोड.

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा वाटणीचा सौदा मीच केला. रबराचा प्रेस माझा, लेथ माझी, हा गाळाही माझा. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला. समोरचा हो म्हणत गेला की माझं डोकं फिरतं, कारण मग मी काय हरलो ते कळत नाही. शेवटी त्याने एकच अट घातली. खंडेनवमीला लेथची पूजा तो येऊन करणार. मी लगेच कबूल केलं. मला वाटलं, हे तर फुकटात पडलं.

तेव्हापासून दर खंडेनवमीला तो येतो. त्या दिवशी आमच्याकडे सगळी यंत्रं बंद असतात, पुसून झेंडूच्या माळा घातलेल्या. विलास धुतलेला सदरा घालून येतो, लेथला हळद-कुंकू लावतो, चकवर फूल ठेवतो. मग गाळ्यातल्या प्रत्येक गोष्टीला बोट लावत फिरतो. पान्यांना, प्रेसला, दाराच्या कडीला, आणि शेवटी माझ्या कपाळाला. माझी बायको सुनंदा त्याच्यासाठी आवर्जून साटोऱ्या करते. मला एरवी साटोरी मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट.

ठाण्याला माजिवड्याजवळ एका नव्या कंपनीचं ऑफिस होतं. ते माल वाहणारं हेलिकॉप्टर बनवत होते. आत माणूस बसत नाही, खालून चालवायचं आणि डोंगरावर सामान पोचवायचं. राधिका नावाची एक इंजिनिअर मुलगी, तिशीच्या आतबाहेरची, त्याच्या पंख्याचं काम बघायची. हेलिकॉप्टरवाले पंख्याला रोटर म्हणतात. ती कोणाचं तरी नाव ऐकून डोंबिवलीला आली. कोणाचं ते मी विचारलं नाही. गाडी विलासच्या गल्लीकडून वळून आली ते मला माझ्या दारातून दिसलं होतं.

तिने समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. या हेलिकॉप्टरचं पातं मुळाशी घट्ट बसवलेलं नसतं, त्याला बिजागरी असते. हेलिकॉप्टर पुढे जात असताना पातं फिरून एका बाजूला आलं की वारा समोरून खातं, दुसऱ्या बाजूला गेलं की पाठीकडून. त्यामुळे प्रत्येक फेरीत ते पुढे-मागे झुलतं. घट्ट बसवलं तर मुळातून मोडेल. मोकळं सोडलं तर दुसरं संकट. जमिनीवर उभं असताना पाती झुलत झुलत एका अंगाला गोळा झाली, की वजन तिकडे जातं आणि हेलिकॉप्टर आपल्या पायांवर डुलायला लागतं. त्या डुलण्याने पाती जास्त झुलतात, आणि पात्यांनी ते जास्त डुलतं. दोघं एकमेकांना चढवत जातात. बघता बघता यंत्र स्वतःच स्वतःला मोडून टाकतं.

म्हणून प्रत्येक पात्याच्या मुळाशी एक डॅम्पर. दिसायला पेल्याएवढा. आत रबरी भिंतींच्या दोन खोल्या, त्यांत एक जड, नितळ द्रव, आणि मध्ये सापाच्या वेटोळ्यासारखी अरुंद वाट. पातं पुढे सरकलं की एक खोली दबते आणि द्रव दुसरीकडे धावतो. रंगपंचमीची पिचकारी आठवा. मागचा दांडा बोटभर सरकतो, पण पुढच्या बारीक भोकातून पाणी सणसणत जातं. इथेही पातं केसभर हलतं आणि वाटेतला द्रव हातभर पळतो. जड असल्यामुळे त्याला निघायला उशीर होतो आणि थांबायलाही उशीर होतो. तो पोचतो तोवर पातं परत फिरलेलं असतं आणि द्रवाचा रेटा त्याला उलटा बसतो. उरलेला जोर रबर आपल्या अंगात घेऊन गरम होतं. म्हणजे गिरणीवरचं तेच नाचरं वजन, फक्त पेल्यात कोंडलेलं. हे राधिकाला सांगितल्यावर ती खुश झाली. म्हणाली, "काका, हे तुम्हाला कसं सुचलं?" मी म्हटलं, अनुभव. गिरणीवरची युक्ती कोणाची ते सांगायची गरज नव्हती.

तिने काम दोन भागांत दिलं. आतली वेटोळ्याची वाट आणि बाहेरची धातूची कवचं विलास कातणार. ती माझ्याकडे येणार, मी त्यांच्यात रबर चिकटवणार. मी खूप भांडलो की सगळं मला द्या. ती म्हणाली, आधी बघू दोघांचं. पण बोलण्या-बोलण्यात कंपनीतली माणसं त्याला "कदमांचा डॅम्पर" म्हणायला लागली. का, तर अक्कल त्या वाटेत आहे. रबर म्हणजे काय, कातडी. अहो, पण कातडी सोला आणि मग माणूस किती चालतो ते सांगा.

धातूला रबर चिकटवणं ही काय चीज आहे ते बाहेरच्यांना कळत नाही. आधी धातू वाळूच्या फवाऱ्याने खरवडायचा, मग धुवायचा, मग त्यावर दोन थर औषध, म्हणजे रबर धरून ठेवणारं रसायन, लावायचं, वाळवायचं आणि प्रेसमध्ये रबर ओतून भाजायचं. औषध लावल्यापासून रबर बसेपर्यंत त्याला उघडा हात लागता कामा नये. बोटाला घाम असतो, केसांचं तेल असतं. जोड चांगला झाला की नाही याची खूण एकच. ओढलं तर रबर मधून फाटलं पाहिजे, धातूवरून सुटता कामा नये. माझं रबर फाटतं. आजवर सुटलेलं नव्हतं.

मोहन्याच्या पुढे नदीकडेला कंपनीने एक आवार भाड्याने घेतलेलं. दिवाळी झाल्यावर तिथे हेलिकॉप्टर साखळ्यांनी जमिनीला जखडून पहिल्यांदा पंखा फिरवला. आम्ही दोघं जाळीमागे उभे. वेग चढत गेला, आवाज एकसारखा होता, आणि मग मला ते दिसलं. डावा पाय किंचित उचलला. मग उजवा. बापाची होडी उलटण्याआधी अशीच दोनदा विचारायची. राधिकाने लगेच बंद करायला सांगितलं. साखळ्या ताणल्या गेल्या, पाती मंद झाली आणि थांबली. एका डॅम्परमधून द्रव ठिबकत होता.

तिचा साहेब तिथेच होता. त्याने सरळ सांगितलं की असले डॅम्पर परदेशातून तयार मिळतात. एक संधी देतो. चूक कोणाची ते आधी शोधा. ज्याची चूक, त्याचं काम बंद, आणि अख्खा डॅम्पर दुसऱ्याकडे. हे बोलताना तो माझ्याकडेच बघत होता. गळती झाली म्हणजे रबर, एवढं त्यालाही कळत होतं.

परतताना मी आणि विलास एकाच रिक्षात. मी कल्याणपर्यंत एक शब्द बोललो नाही. हे मला न शोभणारं आहे हे रिक्षावाल्यालाही कळलं असावं. तो आरशातून सारखा बघत होता. मी मनात म्हणत होतो, आता हा सगळंच घेऊन जाणार. लाडू घेतले, साटोऱ्या घेतल्या, आता हेलिकॉप्टर.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाळ्यात तो डॅम्पर कापला. मी, विलास आणि राधिका. कवच जोर लावून रबरापासून ओढून काढलं आणि मी उजेडात धरलं. चारी बाजूंनी रबर फाटलेलं होतं, म्हणजे जोड उत्तम होता. धातूवर रबराचे तंतू घट्ट धरून बसलेले. आणि काठाशी एक जागा मात्र उघडी, गुळगुळीत, द्रव तिथूनच झिरपलेला. लांबट गोल. बोटाच्या पेराएवढी. तिच्यावर अगदी पुसट लालसर झाक.

मला कळायला वेळ लागला नाही. औषध लावलेली कवचं खंडेनवमीच्या दिवशी प्रेसशेजारच्या टेबलावर वाळत ठेवलेली होती.

आयुष्यात असं हुकमाचं पान माझ्या हातात कधी आलं नव्हतं. मी ते दाबून धरणारा माणूस नाही. मी कवच विलासच्या नाकाखाली नेलं आणि जे बोललो ते दोन गल्ल्यांनी ऐकलं. की बघ विल्या, हे तुझं बोट. बारा महिने मी इथे कोणाला टेबलाजवळ येऊ देत नाही, आणि तू येतोस आणि देवपण वाटत फिरतोस. शेजारचा गाळेवाला दारात येऊन उभा राहिला.

विलासने कवच हातात घेतलं. आपलं बोट त्या जागेवर ठेवून बघितलं. बसलं.

"माझंच आहे," तो राधिकाला म्हणाला. "मी कुंकू लावलं. लावल्यावर लक्षात आलं की हे औषध लावलेलं आहे, म्हणून रुमालाने पुसलं. पुसल्यावर गेलं असं वाटलं."

"पुसलं म्हणजे चोळलंस," मी म्हटलं.

"हो. चोळलं."

राधिकाने बाकीच्या डॅम्परांची यादी काढली. तिने विचारलं, "किती कवचांना लावलं, काका?"

"एकालाच. या ओळीतलं पहिलं. पुसलं आणि बाकीच्यांना हात लावला नाही. कातताना याच्या काठावर माझा एक चरा उठलेला, तो हा बघ. तेच आहे. बाकीचे सगळे चांगले आहेत, ते मोडू नका."

आता पुढे काय झालं ते नीट वाचा, कारण माझा सगळा राग तिथे आहे. राधिकाने कपाळावरचा घाम पुसला आणि विलासचे आभार मानले. हो, आभार. म्हणाली, तुम्ही हे सांगितलं नसतं तर आम्ही एकूण एक डॅम्पर फोडले असते आणि काम परदेशी गेलं असतं. मग माझ्याकडे वळून, अगदी आदराने, तिने विचारलं, "पण भोईर काका, औषध लावलेला भाग उघड्यावर का होता? बाहेरच्या माणसाचा हात पोचलाच कसा?"

चूक त्याची, शाबासकी त्याची, आणि जाब मला.

साहेबाने आपलाच नियम विसरून ठरवलं की जुळणी, द्रव भरणं, तपासणी, सगळं कदमांकडे. खरं बोलणारा माणूस आहे म्हणे. रबर कुठे करून घ्यायचं ते कदम ठरवतील. मी घरी आलो आणि जेवलो नाही. सुनंदा म्हणाली, "अहो, भावजींनी कबूल केलं ना? तुम्ही केलं असतंत का?" मी म्हटलं, मी कुंकू लावलंच नसतं, तर कबूल काय करायचं? ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

दोन दिवसांनी विलास आला. नवी कवचं कापडात गुंडाळून आणलेली. टेबलावर न ठेवता माझ्या हातात दिली.

"रबर तुझ्याकडेच," तो म्हणाला. "तसं त्यांना सांगितलंय. दुसऱ्याचं रबर मी जोडणार नाही."

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं माझी वकिली करायला?"

"बघितलंस ना तू? बोट सोडून सगळीकडे फाटलं. सुटलं कुठेच नाही. असं कोण करतं?"

मी त्याच्याशी दरावरून भांडलो. काहीतरी करायला हवं होतं. तो नेहमीप्रमाणे हो म्हणाला, आणि नेहमीप्रमाणे माझं समाधान झालं नाही.

नव्या डॅम्परवर पंखा फिरला तेव्हा मी जाळीमागे पायांकडे बघत होतो. वेग चढला, तो मागचा टप्पा आला, गेला. पाय हलले नाहीत. पुढे साखळ्या काढल्या आणि ते नदीवर उचललं गेलं, तेव्हा सगळे वर बघत होते. मी बिजागरीकडे बघत होतो, जरी इतक्या लांबून काही दिसत नाही. तिथे माझं रबर दाबलं जात होतं आणि सुटत नव्हतं. खाली आल्यावर नारळ फोडायला विलासला बोलावलं. त्याने नारळ माझ्या हातात दिला. मी असा हाणला की पाणी साहेबाच्या बुटांवर गेलं. त्या क्षणाचा फोटो आज त्यांच्या माजिवड्याच्या ऑफिसात भिंतीवर आहे. त्यात विलास ताठ उभा, हसतोय. मी वाकलेलो आहे. माझं फक्त टक्कल आलंय.

परवा खंडेनवमी झाली. मी आता औषधाच्या भागांसाठी काचेचं कपाट करून घेतलंय, त्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या करगोट्याला. विलास आला. कपाटाकडे बघितलं. लेथला कुंकू लावलं, फूल ठेवलं, पान्यांना लावलं, कडीला लावलं. या वेळी प्रेसकडे जाताना हात पाठीमागे बांधून गेला. मग माझ्यासमोर येऊन बोट उचललं आणि थांबला. गेल्या वर्षीपर्यंत तो थांबत नसे.

मी म्हटलं, "लाव. पण लगेच पुसणार आहे, सांगून ठेवतो."

त्याने लावलं. म्हणाला, "पूस की. तुझ्यावर कुठे रबर बसवायचंय."

साटोऱ्यांचा डबा घेऊन आलेली सुनंदा आतून हसली. शेजारचा गाळेवाला हसला. मलाही हसू आलं, आणि त्याचाच राग आला. इतक्या वर्षांत मी एवढं बोललो, पण त्या गाळ्यात लोकांना आठवेल असं वाक्य शेवटी त्यालाच सुचलं.